नकाराचं मोल : विस्तारणाऱ्या युरोपातले निर्णयाचे नियम

प्रस्तावना

१९५८ साली युरोपीय आर्थिक समुदायाचं काम सुरू झालं तेव्हा त्याच्या मंत्रिपरिषदेत लक्झेंबर्गला एक मत होतं, आणि त्या मताला काडीचीही किंमत नव्हती. हा टोमणा नाही, साधा हिशेब आहे. पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांना प्रत्येकी चार मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला प्रत्येकी दोन, लक्झेंबर्गला एक, एकूण सतरा. आयोगाने मांडलेला प्रस्ताव बहुमताने मंजूर व्हायला बारा मतं लागत. बाकीच्या पाचही देशांची मतं सम, आणि बारा हा आकडाही सम. त्यामुळे पाचांची बेरीज दहा होईल किंवा बारा होईल, अकरा काही होणार नाही. लक्झेंबर्गच्या एका मताने पारडं फिरेल अशी वेळ येणंच अशक्य होतं. १९७३ साली नवे सदस्य आले, मतांची फेरवाटणी झाली, तोवर पंधरा वर्षं हा चिमुकला देश ते मत तसंच बाळगून होता. समुदाय मोडकळीला आला तो मात्र त्याच्यामुळे नाही. आला तो चार मतं असलेल्या फ्रान्समुळे.

१९६५ साली राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यापुढे दोन गोष्टी एकदम येऊन ठाकल्या. आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हालस्टाइन यांनी प्रस्ताव मांडला की शेतीच्या सामाईक खर्चासाठी समुदायाला स्वतःचं उत्पन्न असावं आणि त्यावर युरोपीय संसदेचा अधिकार वाढावा. शिवाय रोमच्या करारानुसार १ जानेवारी १९६६ पासून बऱ्याच विषयांत एकमताच्या जागी बहुमत येणार होतं. फ्रान्सने ब्रुसेल्समधला आपला प्रतिनिधी परत बोलावला. जवळपास सात महिने मंत्रिपरिषदेत फ्रान्सची खुर्ची रिकामी राहिली. जानेवारी १९६६ च्या अखेरीस लक्झेंबर्गमध्ये जो तोडगा निघाला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. एखाद्या देशाचं अत्यंत महत्त्वाचं हित गुंतलेलं असेल तर सर्वांना पटेल असा मार्ग वाजवी मुदतीत काढायचा प्रयत्न करावा, एवढं सहाही देशांनी मानलं. मार्ग निघालाच नाही तर काय? फ्रान्स म्हणाला, एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहील. बाकीच्या पाचांनी ते मानलं नाही. या मुद्द्यावर आपले मतभेद आहेत अशी नोंद करून सगळे पुन्हा कामाला लागले. करारातलं एक अक्षर बदललं नव्हतं, तरी पुढची जवळजवळ वीस वर्षं ब्रुसेल्समध्ये महत्त्वाच्या विषयावर मतदान घ्यायला सहसा कोणी धजलं नाही. मे १९८२ मध्ये ब्रिटनने शेतमालाच्या भावांवरून याच तोडग्याचा आधार घेतला आणि इतरांनी तो बाजूला सारून मतदान उरकलं, तेव्हा लंडनमध्ये केवढी खळबळ माजली.

एका देशाने शून्य किमतीचं मत निमूट चालवून घेतलं आणि दुसऱ्याने भरपूर मतं हाती असताना घर डोक्यावर घेतलं. या पुस्तकाचा विषय या दोन टोकांच्या मध्ये आहे. अनेक देश एकत्र बसून निर्णय घेतात तेव्हा जिंकायला किती मतं लागतात हे नियमात लिहिलेलं असतं. पण हरलेला मंत्री मायदेशी परतल्यावर ती हार लोकांना कशी समजावतो, यावर तो नियम टिकतो की नाही ते ठरतं. पुढच्या प्रकरणांतून मी जे मांडतो आहे ते थोडक्यात असं : युरोपात नकाराधिकार कोणी निव्वळ युक्तिवाद पटला म्हणून सोडलेला नाही. जेव्हा जेव्हा तो सुटला, तेव्हा बदल्यात काहीतरी पदरात पडलं म्हणून सुटला. आणि जिथे मोल न देता तो डावलला गेला, तिथे निर्णय झाला पण अंमल झाला नाही.

पहिलं मोठं उदाहरण एकसंध बाजारपेठेचं. सीमेवरचं जकात शुल्क कधीच गेलं होतं, पण प्रत्येक देशाचे मालाचे दर्जे, परवाने, तपासण्या वेगळ्या, आणि त्यातलं काहीही बदलायला सगळ्यांचा होकार हवा. १९८५ मध्ये ब्रिटनचेच आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांनी हे अडथळे दूर करायला सुमारे तीनशे उपायांची यादी केली. ती एकमताने पार पाडायला कित्येक पिढ्या गेल्या असत्या. त्या जूनमध्ये मिलानच्या शिखर परिषदेत इटलीचे पंतप्रधान बेत्तीनो क्राक्सी यांनी एक अनपेक्षित चाल खेळली. करार बदलण्यासाठी परिषद बोलवावी का, एवढ्याच प्रश्नावर त्यांनी मतदान घेतलं, कारण परिषद बोलवायला साधं बहुमत पुरत होतं. ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस विरोधात गेले आणि हरले. मार्गारेट थॅचर संतापल्या, पण वर्ष उलटायच्या आत त्यांच्याच सरकारने त्या परिषदेतून निघालेल्या करारावर सही केली. १ जुलै १९८७ पासून बाजारपेठेच्या बहुतेक कायद्यांवर बहुमत लागू झालं. ब्रिटनला मुक्त बाजार हवा होता आणि नकाराधिकार धरून ठेवला तर तो मिळणार नव्हता. कर आणि लोकांच्या मुक्त संचारासारखे विषय मात्र एकमताच्याच कप्प्यात राहिले. मोलभाव असा झाला.

मोलभाव बिघडला की काय होतं ते डिसेंबर २००० मध्ये नीस शहरात दिसलं. पूर्वेकडचे दहा-बारा देश दारात उभे होते आणि त्यांना आत घेण्याआधी मतांची वाटणी नव्याने करायची होती. चार दिवस आणि रात्री घासाघीस चालली आणि ११ तारखेच्या पहाटे संपली. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या घरात, फ्रान्सची सहा कोटींच्या आसपास. पण राष्ट्राध्यक्ष शिराक यांना दोघांची मतं समान हवी होती. शेवटी जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली या चौघांना प्रत्येकी २९ मतं मिळाली. स्पेन आणि पोलंडला २७, म्हणजे जर्मनीपेक्षा फक्त दोन कमी. नेदरलँड्सला १३ आणि बेल्जियमला १२. आजवर बरोबरीने चाललेल्या शेजाऱ्यापेक्षा एक मत कमी, हे बेल्जियमला झोंबलं. त्याची समजूत काढण्यासाठी एक घोषणापत्र जोडलं गेलं : शिखर परिषदा आळीपाळीने वेगवेगळ्या देशांत भरत, त्या यापुढे ब्रुसेल्समध्ये भरतील. एका मताची भरपाई म्हणून एका शहराला यजमानपद मिळालं. नियम घडवणाऱ्यांची मानखंडना आणि भरपाईची भाषा किती रोकडी असते ते इथे कळतं.

नीसमध्ये पोलंडला जे मिळालं ते सोडायला तो तयार नव्हता. लोकसंख्येवर आधारलेलं नवं दुहेरी बहुमत पुढे आलं तेव्हा २००३ मध्ये यान रोकिता या पोलिश नेत्याने नीस किंवा मरण अशी घोषणा दिली. २००७ च्या वाटाघाटींत घोषणा बदलली आणि तिच्यात वर्गमूळ आलं. या हट्टामागे खरंखुरं गणित होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लायनेल पेनरोझ यांनी १९४६ मध्ये दाखवलं होतं की मोठ्या देशात एका मतदाराचा आपल्या सरकारच्या निर्णयावरचा प्रभाव लोकसंख्येच्या प्रमाणात घटत नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणून संघातल्या प्रत्येक नागरिकाला सारखं वजन द्यायचं तर देशांना मतं लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात द्यावीत. तेव्हा जर्मनीची लोकसंख्या पोलंडच्या सव्वादोन पटीच्या जवळ होती. वर्गमुळांचा हिशेब धरला तर जर्मनीची मतं पोलंडच्या जेमतेम दीडपट होतात. क्राकूवच्या दोन प्राध्यापकांनी हा आराखडा नीट मांडलेला होता. तरी तो फेटाळला गेला. तो चुकीचा आहे असं कोणी सिद्ध केलं नाही. त्याच्या बदल्यात इतरांना द्यायला पोलंडजवळ काही नव्हतं, एवढंच. पोलंडने मुदत मात्र पदरात पाडून घेतली : नवी पद्धत नोव्हेंबर २०१४ पासून लागू होईल आणि मार्च २०१७ पर्यंत कोणीही जुन्या पद्धतीने मोजणी मागू शकेल.

आज चालू असलेला नियम तो हाच, लिस्बन कराराचा. प्रस्ताव मंजूर व्हायला ५५ टक्के देश, म्हणजे सत्तावीसपैकी पंधरा, आणि त्यांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. अडवायचं तर किमान चार देश लागतात. ही चाराची अट मुद्दाम घातलेली आहे. जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांत मिळून संघाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या येते. ती अट नसती तर तिघांनी मिळून बाकी चोवीस देशांना कायमचं ताटकळत ठेवलं असतं. या कराराचीही किंमत मोजावी लागली. जून २००८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने सार्वमतात तो नाकारला. आयोगातल्या आयुक्तांची संख्या देशांच्या दोन तृतीयांशावर आणायचं त्यात ठरलं होतं. आयर्लंडला दर देशामागे एक आयुक्त कायम राहील असा शब्द दिला गेला, लष्करी तटस्थता आणि कर यांबद्दल हमी दिली गेली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच जनतेने होकार दिला. सुधारणेचा एक मोहरा गेला, तेव्हा कुठे बाकीचा पट वाचला.

आता उलट बाजू. सप्टेंबर २०१५ मध्ये इटली आणि ग्रीसमध्ये अडकलेल्या १,२०,००० निर्वासितांची देशादेशांत वाटणी करायचा ठराव मंत्रिपरिषदेने बहुमताने संमत केला. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रुमानिया यांनी विरोधात मत दिलं. कायद्याने ठराव निर्दोष होता. हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये हरले. पण हंगेरीने एकही माणूस घेतला नाही. त्या वर्षीच्या दोन्ही योजनांत मिळून १,६०,००० जणांचं ठरलं होतं, प्रत्यक्षात हलवले गेले सुमारे ३५,०००. २०२० मध्ये न्यायालयाने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकाला दोषी धरलं, तोवर योजनेची मुदत कधीच संपली होती. यातून ब्रुसेल्स शहाणं झालं. मे २०२४ मध्ये निर्वासितांबद्दलचे नवे कायदे पुन्हा बहुमतानेच झाले, पण त्यांत पळवाट म्हणा, पर्याय म्हणा, ठेवलेला आहे : माणसं घ्यायची नसतील तर दर माणसामागे २०,००० युरो भरा, किंवा दुसरी मदत द्या. विरोध संपला नाही, पण हरलेल्याला घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं.

हा सगळा इतिहास आज ऐरणीवर आला आहे तो विस्तारामुळे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि चारच दिवसांनी युक्रेनने सदस्यत्वाचा अर्ज केला. जूनमध्ये त्याला आणि मोल्दोव्हाला उमेदवाराचा दर्जा मिळाला. पश्चिम बाल्कनमधले सहा देश, युक्रेन, मोल्दोव्हा आणि जॉर्जिया असे सगळे आत आले तर सत्तावीसचे छत्तीस होतील. दुहेरी बहुमताच्या कोष्टकात त्याने फारसं बिघडत नाही. पंधराऐवजी वीस देश लागतील इतकंच. बिघडतं ते एकमताच्या खात्यात. परराष्ट्र धोरण, निर्बंध, कर, सात वर्षांचा अर्थसंकल्पीय आराखडा, नव्या सदस्याचा प्रवेश आणि खुद्द करारातली दुरुस्ती या सगळ्यांत छत्तीस नकाराधिकार होतील, आणि सव्वासहा लाख वस्तीच्या मॉन्टेनेग्रोचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच भारी असेल.

नकाराधिकाराने काय होऊ शकतं हे पाहायला उत्तर मॅसिडोनियासारखा दुसरा धडा नाही. २००५ मध्ये हा देश उमेदवार झाला. ग्रीसने नावालाच हरकत घेतली : मॅसिडोनिया हे आमच्या प्रांताचं नाव आहे. तेरा वर्षांनी प्रेस्पा तलावाच्या काठी करार झाला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत देशाने आपलं नाव बदललं. त्याच ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने प्रवेशाची पद्धतच आधी सुधारा म्हणून वाटाघाटी अडवल्या. पद्धत सुधारली. मग नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने भाषा आणि इतिहास यांवरून नकार दिला. २०२२ मध्ये त्यावर तोड निघाली, ती अशी की मॅसिडोनियाने राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घालावा. आणि गाडं तिथे रुतलं. प्रवेशाच्या वाटाघाटींत पस्तीस प्रकरणं. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रकरण उघडायला एकदा आणि मिटवायला एकदा सगळ्यांचा होकार लागे. अडवणूक करायच्या या सत्तर संधी. शेजाऱ्याशी जुना हिशेब असलेल्या कोणाला त्या नको वाटतील? क्रोएशियाला स्लोव्हेनियाने समुद्रातल्या एका आखाताच्या सीमेवरून २००८-०९ मध्ये असंच रोखून धरलं होतं.

१४ डिसेंबर २०२३ च्या शिखर परिषदेत युक्रेनशी वाटाघाटी सुरू करायचा निर्णय होता आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा त्याला उघड विरोध होता. जर्मनीचे चॅन्सेलर शोल्झ यांनी सुचवल्यावरून ते दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. त्याच रात्री युक्रेनला द्यायच्या पन्नास अब्ज युरोंच्या मदतीला ओर्बान यांनी नकार दिला. तो १ फेब्रुवारी २०२४ ला सुटला. जून २०२४ मध्ये युक्रेनशी वाटाघाटी औपचारिकरीत्या सुरू झाल्या आणि विषयांचे गट उघडायची वेळ आली तेव्हा हंगेरीने पुन्हा पाय रोवले. बाहेर जाऊन येणं ही एकदाची सोय होती, नियम नव्हता.

त्या रात्री त्या टेबलाशी आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर बसले होते, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पोर्तुगालचे पंतप्रधान अँतोनियो कोस्ता बसले होते, ज्यांचं घराणं मडगावचं. १ डिसेंबर २०२४ पासून कोस्ता हेच या शिखर परिषदेचे अध्यक्ष झाले, म्हणजे सत्तावीस जणांचं एकमत जुळवणं हेच त्यांचं काम. मराठी आणि कोकणी मुलखाला याचं कौतुक वाटणं साहजिक आहे, पण या विषयाशी आपला संबंध कौतुकापुरता नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्या गोवेकरांसाठी हा हक्काच्या नागरिकत्वाचा विषय आहे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना २०१० चा हंगाम आठवत असेल. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर निघाले म्हणून युरोपला गेलेला माल अडकला आणि कर्ज काढून निर्यातीची बाग जोपासणारे हवालदिल झाले. ती मर्यादा, ज्याला सगळे एमआरएल म्हणतात, ती ठरवताना सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समितीत बहुमताचाच नियम चालतो. तिथे एकट्या कोणा देशाला नकाराधिकार नाही. भारताशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या वेळी गुंतवणूक संरक्षणाचा करार वेगळा काढला गेला. कारण असं की २०१७ मध्ये संघाच्या न्यायालयाने ठरवलं होतं की व्यापाराचा बहुतेक भाग संघ स्वतःच्या अधिकारात करू शकतो, पण गुंतवणुकीच्या तंट्यांसारख्या बाबींना सदस्य देशांची संमती लागेल. त्याआधीच्या वर्षी बेल्जियममधल्या वालोनिया या एका प्रांताच्या विधिमंडळाने कॅनडाशी झालेल्या कराराची सही शेवटच्या घटकेला रोखली होती. छत्तीस लाखांच्या वस्तीने पन्नास कोटींच्या संघाला थांबवलं. ब्रुसेल्सशी व्यवहार करणाऱ्याला आपला विषय बहुमताच्या खान्यात पडतो की एकमताच्या, हे आधी कळायला हवं.

मग एकमत रद्दच का करत नाहीत? एक तर ते रद्द करायला एकमत लागतं. लिस्बन करारात त्यासाठी पुलासारखं एक कलम आहे : संपूर्ण करारदुरुस्ती न करता एखादा विषय एकमतातून बहुमतात नेता येतो. पण त्यासाठी सगळ्या राष्ट्रप्रमुखांचा होकार हवा, युरोपीय संसदेची संमती हवी, आणि कोणत्याही एका देशाच्या संसदेने सहा महिन्यांत हरकत घेतली तर विषय संपला. संरक्षणाला तर हे कलम लागूच नाही. बहुमताचा आग्रह धरणाऱ्या जर्मनीतही घटना न्यायालयाने २००९ मध्ये सांगून ठेवलं आहे की असा होकार देण्याआधी सरकारने संसदेत कायदा करून घ्यावा.

दुसरं म्हणजे नकाराधिकाराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, आणि ते या पुस्तकात हातचं राखून मांडलेलं नाही. युद्ध, शांतता आणि कर हे विषय देशाच्या गाभ्याचे आहेत. मोठ्या देशांकडे मतांखेरीज पैसा, वकिलाती, सैन्य असतं. माल्टा किंवा सायप्रसकडे टेबलावर ठेवायला फक्त नकार असतो. नकार देता येतो म्हणून त्यांचं ऐकून घेतलं जातं. ही बाजू मांडणाऱ्यांना उत्तर म्हणून पोलंडचाच इतिहास दाखवला जातो. पोलंड-लिथुआनियाच्या संसदेत एका सदस्याने विरोध केला तरी अधिवेशनाचं सगळं काम बाद होई. १६५२ मध्ये हा अधिकार पहिल्यांदा वापरला गेला आणि पुढच्या शतकात रशिया आणि प्रशिया यांनी एखादा सदस्य पैशाने फोडून संसद बंद पाडायचं तंत्र बसवलं. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने तो अधिकार रद्द केला, पण फार उशीर झाला होता. १७७२ पासून चालू झालेली फाळणी १७९५ मध्ये पूर्ण झाली आणि पोलंड नकाशावरून गेला. मला या उदाहरणात एक जास्तीची गोष्ट दिसते. नकाराला भाव असतो, आणि घरातल्यांनी तो भाव दिला नाही तर बाहेरचा कोणीतरी द्यायला तयार असतो.

सुधारणेच्या आराखड्यांना तोटा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात शोल्झ यांनी विस्तार आणि बहुमत यांची सांगड घातली. मे २०२३ मध्ये नऊ देशांनी परराष्ट्र धोरणात बहुमत आणण्यासाठी गट केला. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने नेमलेल्या बारा तज्ज्ञांनी अहवाल दिला : विस्ताराआधी एकमताचे उरलेले विषय बहुमतात आणा, लहान देशांना धीर यावा म्हणून ५५ आणि ६५ ऐवजी साठ टक्के देश आणि साठ टक्के लोकसंख्या असं प्रमाण ठेवा, आणि ज्यांना खोलात जायचं नाही त्यांच्यासाठी बाहेरची वर्तुळं आखा. त्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय संसदेने करारदुरुस्तीचा प्रस्ताव २९१ विरुद्ध २७४ असा काठावर मंजूर केला. पण २०२२ मध्येच तेरा देशांनी करारदुरुस्तीची घाई नको असं लेखी कळवलं होतं. नव्या सदस्यांना काही काळ नकाराधिकाराविना आत घ्यावं, ही आणखी एक कल्पना. २००४ मध्ये आलेल्या देशांच्या कामगारांना जुन्या देशांत सात वर्षांपर्यंत मज्जाव करता येत होता, तेव्हा संक्रमणकाळाची सवय युरोपला आहे. मात्र मतावरची बंदी ही रोजगारावरच्या बंदीपेक्षा जास्त बोचेल.

दरम्यान आडवाटा रुळत चालल्या आहेत. युक्रेनला शस्त्रं द्यायच्या निर्णयात ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा यांसारखे तटस्थ देश विरोध न करता बाजूला राहिले. त्यांना भाग घ्यावा लागला नाही, इतरांची वाटही अडली नाही. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे २१० अब्ज युरो युरोपात गोठवलेले आहेत, आणि ते गोठवलेले ठेवायला दर सहा महिन्यांनी सगळ्यांचा होकार लागे. डिसेंबर २०२५ मध्ये आर्थिक आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन ते बहुमताने बेमुदत गोठवले गेले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया विरोधात होते. काम झालं. पण आणीबाणीचं कलम नित्याचं झालं तर २०१५ ची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही, हे हा मार्ग शोधणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

पुस्तकाची मांडणी या प्रश्नाच्या अंगाने केली आहे. पहिल्या भागात रोमपासून लिस्बनपर्यंतचे नियम, मतांच्या गणितासकट. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी तक्ते सोडून वाचलं तरी धागा तुटणार नाही. दुसऱ्या भागात बहुमत प्रत्यक्षात कसं वापरलं जातं आणि बहुतेक निर्णय मतदानाविना का होतात. तिसरा भाग विस्ताराचा, आणि त्यात बाल्कनला युक्रेनपेक्षा जास्त पानं दिली आहेत, कारण तिथली रांग जुनी आहे आणि धडेही. चौथ्या भागात सुधारणेचे आराखडे एकेक करून तपासले आहेत. प्रत्येकाला मी एकच कसोटी लावली : या सुधारणेत ज्याचा नकार जाणार, त्याच्या हाती काय येणार?

त्या कसोटीवर माझं मत असं झालं आहे. प्रवेशाच्या वाटाघाटींतल्या मधल्या पायऱ्या ताबडतोब बहुमतात न्याव्यात. पहिला आणि शेवटचा होकार सर्वांचा राहिला तर कोणाच्याही गाभ्याचं काही जात नाही, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर अडवायची मुभा जाते. निर्बंधांच्या बाबतीत एकट्या देशाचा नकार पुरू नये. पण ज्या देशाला त्याची झळ लागणार त्याच्या भरपाईची तरतूद त्याच ठरावात असावी. करांचं एकमत मात्र आणखी बरीच वर्षं राहील, कारण आयर्लंडसारख्यांना देऊ करावं असं काही मोठ्या देशांजवळ सध्या नाही. पैसा लागेल तो अर्थसंकल्पातून, म्हणजे पुन्हा सर्वांच्या होकाराने. म्हणून नियमांची सुधारणा आणि पुढचा सात वर्षांचा अर्थसंकल्प यांचा सौदा एकाच टेबलावर झाला तरच या आराखड्यांपैकी एखादा कागदावरून खाली उतरेल. हे मत न पटणारे वाचक असतील. त्यांनी निदान तिसरा भाग वाचून मग वाद घालावा, एवढी विनंती.